पुसून ठेवलेली देवळी

श्रावण लागला की आमच्या महादेवाच्या देवळाला एक वास येतो. ओला बेल, जळकी वात, कालच्या नारळाचं आंबूस पाणी आणि दगडात मुरलेलं तेल, या सगळ्यांचा मिळून एकच वास. डोळे बांधून मला कुणी तिथं उभं केलं तरी महिना कोणता ते मी सांगेन. यंदा तो वास आला नाही. यंदा देवळात सिमेंटचा वास आहे आणि फरशी कापायच्या मशीनचा आवाज. रानात मूग तोडणीला आलाय, बाया ओटीत शेंगा घेऊन बांधावरून येतात, भुरभुर पडते आणि थांबते, सगळं श्रावणासारखंच चाललंय. फक्त देऊळ ओळखू येत नाही.

आमचं गाव उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला, हैदराबादच्या हमरस्त्याला लागून. निम्मं गाव घरात कानडी बोलतं आणि दारात मराठी. देऊळ रस्त्याच्या कडेलाच आहे, काळ्या दगडाचं, बुटकं, आत जाताना मान लववावी लागते असं. गावातली तरुण पोरं आता त्याच्या भिंतींना आतून गुळगुळीत फरशी बसवतायत. पोरं चांगली आहेत. दर रविवारी देऊळ धुतात, फोटो काढतात, गावाच्या ग्रुपवर टाकतात. त्यांचा म्होरक्या ओंकार, माझ्या चुलतभावाचा नातू. मी दिसलो की तो पळत खुर्ची आणतो आणि मी बसलो की माझ्यासमोरच मिस्त्रीला सांगतो, आमच्या अण्णांनी उभा जन्म हे देऊळ झाडलंय. ते ऐकताना मी पायाखालची जमीन बघत बसतो.

श्रावण लागताच मिस्त्रीनं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. ती गाभाऱ्याच्या डाव्या हाताच्या देवळीवरून गेली. देवळी म्हणजे भिंतीतला लहानसा कोनाडा, एखादा दिवा मावेल एवढा. ती विटेनं बुजवून वरून फरशी लावायची असं ठरलं होतं. मी म्हणालो, तेवढी राहू द्या.

"अण्णा, धूळ बसाय जागाच ठिवायची न्हाय आता," ओंकार म्हणाला. "तुमीच शिकवलं न्हवं आमाला?"

"एवढी एक राहू दे."

"काय हाय तिच्यात? रिकामीच तर हाय."

मागून एक जण म्हणाला, अण्णांना तिथं मोबाइल चार्जिंगला लावायचा असंल. सगळे हसले. मीही हसलो. देवळी रिकामी होती हे खरंच होतं. ती मीच रिकामी केली होती.

त्या देवळीची एक गोष्ट आमच्या गावात सांगतात. शांतव्वाचा मल्लू बापाशी भांडून घर सोडून गेला होता. तो एका श्रावणात गुपचूप आला, देवळीत ठेवलेलं आपल्या गळ्यातलं लिंग घेऊन गेला आणि आईच्या दारापर्यंत मात्र आला नाही, अशी ती गोष्ट. नव्या सुनांना ती पहिल्याच श्रावणात ऐकवतात. ऐकणारी बाई डोळ्याला पदर लावते आणि देवळीकडं बघून हात जोडते. ती गोष्ट खरी नाही. तसं काही घडलं नाही. हे लिहून ठेवावं म्हणून मी बसलोय. उशीर फार झालाय, आणि लिहून आता कुणाचं काय भरून येणार हेही मला सांगता येत नाही.

आमच्यात मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याला लिंग बांधतात. बोराएवढा काळा गोळा, पांढऱ्या कापडात गुंडाळून गळ्यात. अंघोळ झाली की ते तळहातावर घेऊन पूजा करायची आणि परत गळ्यात घालायचं. माणूस गेला की ते त्याच्या हातात देतात आणि दोघं सोबतच मातीत जातात. मधल्या काळात ते उतरवून ठेवायचं नसतं.

मल्लूनं उतरवलं. त्याला ट्रकवर क्लीनर म्हणून जायचं होतं. रस्त्याकाठच्या गावातलं पोर, ट्रकांच्या आवाजातच त्याची झोप व्हायची. ट्रकच्या पाटीवरची अक्षरं बघून तो कुठल्या मुलखातला हे सांगायचा. हैदराबाद, विजयवाडा ही नावं त्याच्या तोंडी अशी यायची, जशी ती पलीकडच्या आळीतली घरं असावीत. बसप्पा, म्हणजे त्याचा बाप, किराणा दुकानदार. आपल्या दुकानावर बसायचं सोडून पोरगं दुसऱ्याच्या ट्रकची चाकं धुणार, हे बसप्पाला पचलं नाही. बाजाराच्या दिवशी त्यानं पोराला चार माणसांत मारलं. मल्लूनं गळ्यातलं काढून उंबऱ्यावर ठेवलं आणि रस्त्यावर थांबलेल्या एका ट्रकमध्ये चढला. ट्रक कुणाचा, कुठला, कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते एवढंच, की पोरगं मागं न बघता चढलं.

इथवर साऱ्या गावाला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. बसप्पानं बायकोला सांगितलं, ज्यानं उतरवलं त्याचं घरात नको, पाण्यात सोडून ये. शांतव्वा गेली, परत आली, सोडलं म्हणाली. सोडलं नव्हतं. कापडात बांधून तिनं ते देवळाच्या त्या देवळीत, मागच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. रोज दिवा लावायच्या निमित्तानं यायची आणि त्याला बोट लावून जायची. ज्याच्या लिंगाला रोज हात लागतोय तो कुठंतरी धड असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, मग मला कुठून कळणार?

मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, फरशीवर फिनेल मारायचं. हाताला स्वच्छतेची सवय लागली होती आणि डोळ्याला घाण खुपायची. देवळाचे गुरव सोलापूरला मुलाकडं राहायला गेल्यापासून देऊळ सगळ्यांचं झालं होतं, म्हणजे झाडायला कुणाचंच नव्हतं. श्रावण सोमवारी अख्खं गाव लोटायचं. दुपारपर्यंत बेलाचा घोटाभर चिखल, त्यात दूध, केळ्याच्या साली, नारळाच्या शेंड्या, उदबत्तीची राख. एका सोमवारी एक पोटुशी बाई सालीवरून घसरली आणि नंदीची मान धरून सावरली. ती हसली, बाकीच्याही हसल्या, पण नंदीची मान तिनं किती वेळ सोडली नाही ते मी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मी झाडू लागलो.

झाडायची माझी एक पद्धत ठरली. आधी गाभारा, मग मंडप, मग पायऱ्या. तेल सांडलं असेल तिथं चुलीची राख टाकायची; ती तेल पिते, मग खरडून काढायची. काडेपेटीच्या जळक्या काड्या आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे हातानं वेचायचे, कारण दगडांच्या फटीतून ते झाडूला निघत नाहीत आणि माणसं अनवाणी येतात. उंबऱ्याशी कोरडं पोतं टाकायचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला ओल्या पायानं आत पाऊल टाकायची भीती वाटत नाही. चपला जोडीजोडीनं भिंतीकडं सरकवायच्या. हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही, आणि येऊ नये हेच मला आवडायचं. येणाऱ्यानं देवाकडं बघावं, पायाखाली बघायची पाळी त्याच्यावर येऊ नये. आजही मला त्यात काही वाईट दिसत नाही. माझं चुकलं कुठं हे शोधायला लागलो की मी त्या चांगल्या कामातच फिरून फिरून येतो. दुसरीकडं कुठं ते सापडत नाही.

आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. झाडून झाल्यावर पायरीवर बसलं की ओला दगड वाळतानाचा वास यायचा. मंडपात उजेड जमिनीवरून सरपटत आत यायचा आणि नंदीच्या पाठीवर चढायचा. रस्ता तेव्हा अरुंद होता, दोन्हीकडं लिंब होते, आणि ट्रक आला तर त्याचा आवाज आधी त्या झाडांतून यायचा. देवळाच्या बाजूला, रस्त्याकडच्या लिंबांच्या सावलीत, विहीर होती. पिण्याची विहीर वेगळी, ही देवाची. पूजेचं पाणी हिच्यातलंच काढायचं आणि निर्माल्यही हिच्यातच सोडायचं. श्रावणात तिचं पाणी पार वर यायचं, बेलानं हिरवं झालेलं.

मल्लू गेल्यानंतरच्या श्रावणात पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी मी देवळ्या साफ करायला घेतल्या. आजवर तिकडं लक्ष दिलं नव्हतं. काजळीचे थर होते, कापराच्या रिकाम्या डब्या, फुटक्या पणत्या, कुणी नवसाला ठेवलेल्या आणि विसरलेल्या पुड्या. डाव्या देवळीत अगदी मागं एक पुडी होती. काजळीनं काळी, तेलानं चिकट झालेली. मी ती बोटांत दाबून बघितली. आत टणक काहीतरी. जुनी सुपारी असेल, म्हटलं. उघडली नाही. देवापुढं ठेवलेलं उघडून बघू नये, एवढी रीत मला कळत होती. उघडली असती तर आतल्या कापडाची घडी मी लगेच ओळखली असती. माझ्या गळ्यात तशीच होती.

देवळातलं काही उकिरड्यावर टाकत नाहीत. मी सगळं पाटीत भरलं, पाटी विहिरीवर नेली आणि पालथी केली. बेल तरंगला, फुलं तरंगली. पुड्या जरा वेळ वर राहिल्या आणि एकेक करून खाली गेल्या. मी हात धुतले. मग देवळी ओल्या फडक्यानं पुसली, कोरड्या फडक्यानं पुसली. काजळीखालून दगडाचा मूळचा रंग निघाला. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून माझ्या हातात आहे, हेच सगळ्यात वाईट.

सोमवारी शांतव्वा आली. माझ्याहून वयानं मोठी, उंच, सावळी बाई. डोक्यावरचा पदर वाऱ्यानंसुद्धा ढळायचा नाही. बायांची गर्दी होती. तिनं दिवा लावला आणि हात देवळीत घातला. अंधारात काडेपेटी चाचपावी तसा तिचा हात आत फिरत राहिला. मग तिनं हात बाहेर काढून तळवा बघितला. तळवा स्वच्छ होता. मी पायऱ्यांशी पोतं टाकत होतो. ती माझ्याकडं आली.

"काशिनाथ, काल तू आलतास न्हवं झाडाय? त्या देवळीत माझं एक व्हतं."

मी विचारलं, काय होतं.

"मल्लूचं लिंग."

आसपासच्या बाया जवळ सरकल्या. माझ्या बोटांना ती टणक पुडी पुन्हा लागली. दुसऱ्याचं लिंग, केरासोबत, पाटीतून विहिरीत. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. मी म्हणालो, "मी आलो तवा देवळी रिकामीच होती, शांतव्वा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, हिनं ओळखलं. ओळखलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तिचा चेहरा हळूहळू उघडत गेला आणि ती हसली. मल्लू गेल्यापासून तिला कुणी हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हंजे झाडायच्या आधीच मल्लू येऊन गेला," ती बायांकडं वळून म्हणाली. "ल्हानपणी त्याच्या गोट्या म्या हितंच लपवून ठिवायची. त्याला बरूबर ठाव, आई ठिवली तर हितंच ठिवंल. आला व्हता गं माझा."

कुणीतरी तिच्या तोंडात साखर घातली. कुणीतरी घंटा वाजवली. माझ्या हातात पोतं तसंच होतं. त्या वेळी एक शब्द बोलायला हवा होता. पण तिच्या तोंडातली साखर कशी काढून घ्यायची, हे मला कळलं नाही. पुढंही कधी कळलं नाही.

गर्दी ओसरल्यावर मी घरून गळ आणला, विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा, आणि दोरीला बांधून खाली सोडला. किती वेळा सोडला. एक गंजकी कडी आली, कुजका बेल आला, घोंगडीचा तुकडा आला. कुणीतरी वाटेनं जाताना विचारलं, काय पडलं? बादली, मी म्हणालो. तो म्हणाला, गाळात गेली असंल, सोडून द्या आता. मी सोडून दिलं.

गोष्ट मोठी व्हायला आठवडासुद्धा लागला नाही. एकानं उमरग्याच्या स्टँडवर दाढी वाढवलेला एक तरुण बघितला होता, तो हुबेहूब मल्लूच. एकीचा कुत्रा त्या रात्री भुंकायचं सोडून शेपूट हलवत उभा होता. प्रत्येकाला त्या गोष्टीत आपला एक वाटा हवा होता, आणि सगळ्यात मोठा वाटा माझा होता हे मला एकट्याला ठाऊक होतं. मी दवाखान्यात जायचो, बैलांच्या मानेवरच्या जखमा धुवायचो. जनावराला दुखतं तेव्हा ते पाय झाडतं, हे किती सोपं आहे असं तेव्हा वाटायचं.

मग शांतव्वाच्या मनात दुसरा विचार आला. देवळापर्यंत आला, तर दारापर्यंत का आला नाही? त्याचं उत्तर तिनं स्वतःच काढलं. बापामुळं. त्या दिवसापासून ती बसप्पाशी बोलायची थांबली. भाकरी करून वाढायची, अंग दुखलं तर वीट तापवून शेकायला द्यायची, सगळं करायची. बोलायची नाही. घरातलं तेल संपलं तर समोरच्या भिंतीला सांगायची, तेल संपलंय म्हणावं. बसप्पाही मग भिंतीला सांगायचा, आणतो म्हणावं. शेजारच्या बाया त्याची नक्कल करून हसायच्या. मीही एकदा हसलो होतो, चारचौघांत वेगळं दिसू नये म्हणून.

बसप्पा संध्याकाळचा दुकान उघडंच टाकून देवळाच्या पायरीवर येऊन बसायचा. तो माझा दोस्त होता. तोंडाचा फटकळ, पण मनात ठेवणारा नव्हे. मी झाडायचो, तो बसून चुका काढायचा. त्या कोपऱ्यात तुझा म्हातारा येऊन झाडणार हाय का, असं म्हणायचा. पुढंपुढं तो चुका काढेनासा झाला. रस्त्याकडं तोंड करून बसायचा. कुठला ट्रक गावाजवळ हळू झाला की उठून उभा राहायचा, आणि ट्रक गेला की धोतर झटकायचा, जणू त्यासाठीच उठला होता. एकदा मी चपला नीट लावत होतो तेव्हा त्यानं विचारलं.

"काशिनाथ, तुला काय वाटतं? खरंच आला असंल व्हय तो?"

मी म्हणालो, "आला असंल की."

"दारापतुर तरी यायचं. म्या काय त्याला परत मारलो असतो?"

चपला सगळ्या सरळच होत्या. मी त्या पुन्हा सरळ करत राहिलो. एवढं एक वाक्य मी त्याला बोललो असतो तर तो आरडाओरडा करत घरी गेला असता, मला शिव्या दिल्या असत्या, गावभर केलं असतं, आणि त्या रात्री त्याची बायको त्याच्याशी बोलली असती. त्याला हवं होतं ते एवढंच. ते माझ्या हातात होतं, आणि मी चपला लावत होतो.

बसप्पा गेला तेव्हा त्याचं लिंग त्याच्या हातात दिलं. शांतव्वा खाली वाकली आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. मी लांब उभा होतो. माझ्यानं जवळ जाववलं नाही.

वर्षं गेली. मी रिटायर झालो. लिंब गेले. रस्ता चौपदरी झाला तेव्हा विहीर त्याच्यात गेली. मशिनींनी मुरूम ओतला, वरून रोलर फिरला. गावातले सगळे बघायला जमले होते, मीही होतो. पोरं रोलरवाल्याला हाका मारत होती. कुणीतरी म्हणालं, बरं झालं, डासांची पैदास होती नुसती. मी मान हलवली. त्यानंतर गावातून जाणारे ट्रक हळू होईनासे झाले.

आणि दर श्रावणात शांतव्वा देवळी पुसायची. दिवा आता विजेचा झाला होता, देवळीत ठेवायला काही नव्हतं, तरी ती यायची. आधी ताठ चालत, मग भिंतीला धरून, मग काठी टेकत. ओलं फडकं, मग कोरडं फडकं. कुणी विचारलं तर म्हणायची, नेलं तसं परत ठिवाय आला तर जागा निर्मळ पायजे. सगळं देऊळ मी झाडायचो आणि तेवढी देवळी ती पुसायची. मी तिच्यासाठी फडकं धुवून वाळवून ठेवायचो. लोक म्हणायचे, बघा, दोघांचा किती जीव आहे देवळावर. ती मला म्हणायची, "काशिनाथ, तुझ्यामुळं पाय टाकाय बरं वाटतं बघ." आणि मी ते ऐकून घ्यायचो.

त्या दिवशी ती पेन्सिलीची रेघ मारून झाल्यावर ओंकार माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "शांताआज्जीला तुमीच सांगा अण्णा. तुमचं ऐकत्यात त्या." देवळी बुजवणार हे तिला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. पोरांना वाटलं, म्हातारी रडेल. मी समजूत घालेन.

मी दुपारचा तिच्याकडं गेलो. ओसरीवर बसून ती वाती वळत होती. नजर गेल्यात जमा आहे, पण बोटांना दिसतं. शेजारून पुतण्याच्या घरातून पुरणाचा वास येत होता. मी फरशीचं सांगायला लागलो, मिस्त्रीचं, रेघेचं. आणि मग, का ते मला अजून कळत नाही, फरशीचं अर्धवट सोडून ते दुसरं सांगितलं. पुडी मी काढली. विहिरीत मी टाकली. रिकामी होती म्हणालो ते खोटं.

तिची बोटं थांबली नाहीत. कापूस सुटत होता आणि वात लांब होत होती, कुठल्याच निरांजनात मावणार नाही एवढी लांब.

"मग मल्लू आला न्हवता," ती म्हणाली.

"न्हाय, शांतव्वा."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा.

"ह्यास्नी ठाव व्हतं?"

ती बसप्पाचं विचारत होती. मी म्हणालो, नाही, त्याला काही ठाऊक नव्हतं.

"मला न्हाय सांगितलंस तर न्हाय," ती म्हणाली. "त्यास्नी तरी सांगायचं व्हतंस, काशिनाथ."

मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिनं पाय आत ओढून घेतले. मांडीवरचा कापूस सांडू नये म्हणून घेतले असतील, असं मी स्वतःला सांगतो. जाऊ का, असं विचारायचीसुद्धा सोय नव्हती. शेवटी उठलो आणि देवळीचं काय करायचं ते विचारलं, कारण पोरं तेवढंच विचारायला पाठवून वाट बघत होती.

"बुजवू दे की," ती म्हणाली. "रिकामीच तर हाय."

त्याच आठवड्यात देवळी बुजली. आता तिथं फरशी आहे, बोट फिरवलं तर सांधासुद्धा लागत नाही. ओंकारनं फोटो टाकला, खाली सगळ्यांनी हात जोडले.

पुढच्या सोमवारी शांतव्वा काठी टेकत आली. देवळाच्या दारावरून पुढं गेली. आत आली नाही. रस्त्याच्या कडेला गेली, जिथं डांबर सुरू होतं तिथं उभी राहिली आणि तांब्यातलं पाणी ओतलं. बेलाचं पान ठेवलं. पोरं धावली; आज्जी, ट्रक येतोय, मागं सरका. ओंकार मला म्हणाला, "अण्णा, म्हातारीचं डोस्कं फिरलं बगा. देवळी बुजवाय नको व्हती." हे वाचेल तेव्हा त्याला कळेल. मी त्याला काही बोललो नाही. माझी न बोलायची सवय एवढ्यात जाणार नाही.

ती माझ्याशीही बोलत नव्हती. मी नमस्कार केला की ती दुसरीकडं तोंड करायची. बसप्पाला भिंत तरी होती.

मग मी ती रस्त्याची कड झाडायला लागलो. ती अनवाणी येते. तिथं गुटख्याच्या पुड्या असतात, टायरच्या चिंध्या, फुटलेल्या बाटलीच्या काचा. काचा मी हातानं वेचतो, आता बसताना गुडघे वाजतात तरी. ती यायच्या आत तेवढी जागा निर्मळ करून ठेवतो, पोतं टाकतो. एक ट्रक गेला की सगळी धूळ परत येते. मी पुन्हा झाडतो. ड्रायव्हर हॉर्न मारतात.

काल सोमवार होता. ती आली, पोत्यावर उभी राहिली आणि पहिल्यांदा बोलली.

"विहीर हितं न्हवती, काशिनाथ." तांब्या धरलेल्या हातानं तिनं पुढं दाखवलं, पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडं, ट्रक पळतात तिथं. "तितं व्हती. पाणी शेंदताना देवळाचा कळस माझ्या उजव्या खांद्यावर यायचा."

मी वळून कळस बघितला. तिचं बरोबर होतं. तिथं मला झाडता येत नाही.

तिनं तांब्या ओतला. रस्त्याला मधून कडेकडं उतार असतो. पाणी जरासं पुढं गेलं, डांबरावर थांबलं, आणि वळून परत आमच्याच पायांशी आलं.